खाण्यामागचे मन मोजताना

माणूस काय खातो हे मोजणे कष्टाचे असले तरी फार अवघड नाही. वजनकाटा, वही आणि चिकाटी एवढ्यावर ते भागते. चीनमध्ये १९८९ पासून चाललेल्या आरोग्य व पोषण पाहणीत नेमके हेच होत आले. सलग तीन दिवस घरातल्या प्रत्येकाला गेल्या चोवीस तासांत काय खाल्ले ते विचारायचे आणि स्वयंपाकघरातले तेल-मसाले पाहणीच्या सुरुवातीला व शेवटी तोलून घ्यायचे. माणूस का खातो, हे मात्र काट्यावर ठेवता येत नाही. ते विचारावेच लागते. प्रश्न कोणी रचला, कोणत्या भाषेत रचला आणि रचताना त्याच्या डोळ्यांपुढे कोणते जेवण होते, यावर मग उत्तर बरेचसे ठरून जाते. चिनी लोकांच्या खाण्यामागची मानसिक कारणे मोजण्याचे जे प्रयत्न गेल्या तीन-चार दशकांत झाले, त्यांची ओळख हे पुस्तक मराठी वाचकाला करून देते. प्रस्तावनेत मला मुख्यतः एकच मुद्दा मांडायचा आहे. खाण्याच्या मानसशास्त्राने आपली मोजपट्टी एकट्या खाणाऱ्याच्या मापाने बेतली. चिनी घरात मात्र काय खायचे, किती खायचे हा निर्णय बऱ्याचदा एकट्याचा नसतो. त्यामुळे त्या पट्टीने घेतलेली मापे कुठे बरोबर, कुठे फसवी आणि कुठे निव्वळ निरर्थक, हे तपासल्याशिवाय पुढे सरकता येत नाही.

या शास्त्राची सुरुवात खरे तर एकट्या माणसापासून झालीच नव्हती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत मांसाची टंचाई होती आणि लोकांनी काळीज, मूत्रपिंड असे नावडते भाग खावेत अशी सरकारची इच्छा होती. त्या कामासाठी मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड ज्या समितीचे काम पाहत होत्या, तिच्यासाठी कुर्ट लेविन यांनी खाण्याच्या सवयींचा अभ्यास केला आणि १९४३ मध्ये तो मांडला. लेविन यांचे म्हणणे साधे होते. अन्न ताटापर्यंत वेगवेगळ्या वाटांनी येते, आणि त्या प्रत्येक वाटेवर कोणीतरी राखणदार बसलेला असतो. त्या काळच्या अमेरिकी घरात तो राखणदार म्हणजे गृहिणी. म्हणून सवयी बदलायच्या तर खाणाऱ्याला उपदेश करण्यापेक्षा गृहिणींना एकत्र बसवून चर्चा घडवावी, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढच्या पिढीतल्या मानसशास्त्राने लेविन यांचे नाव जपले आणि त्यांचा राखणदार विसरून टाकला. चिनी संदर्भात आज जे प्रश्न उभे राहतात, त्यांतले अर्धे तरी या विस्मरणातून आले आहेत.

विस्मरणाला कारणही तसेच होते. १९५० नंतर पश्चिमेत टंचाईची चिंता सरली आणि लठ्ठपणाची लागली. मग प्रश्न उरला तो एवढाच, की पोट भरलेले असताना माणूस का खातो? हिल्डे ब्रुख यांनी उत्तर दिले, की काहींना भूक आणि अस्वस्थता यांतला फरक लहानपणी शिकायलाच मिळालेला नसतो, म्हणून ते मनाच्या त्रासावर अन्नाचा उतारा शोधतात. स्टॅनली शॅक्टर यांनी १९६८ मध्ये वेगळीच बाजू मांडली. लठ्ठ व्यक्ती पोटाच्या सूचनांपेक्षा बाहेरच्या सूचनांना जास्त प्रतिसाद देते, मग ते घड्याळ असो, वास असो की समोर मांडलेला पदार्थ. तिसरे मत पीटर हर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे. त्यांनी १९७५ मध्ये दाखवले, की सतत जिभेला लगाम घालणाऱ्या व्यक्तीला आधी मिल्कशेक पाजला तर ती नंतर आइस्क्रीम कमी खाण्याऐवजी जास्तच खाते. एकदा व्रत मोडलेच, तर मग कशाला आवरायचे, असा हा हिशेब. या तिन्ही मतांना एकत्र गुंफून नेदरलँड्समध्ये तात्याना फान स्ट्रीन आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये ३३ प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. भावनेपोटी खाणे, बाह्य मोहाने खाणे आणि संयम ठेवून खाणे असे तिचे तीन भाग. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेत स्टंकार्ड आणि मेसिक यांची ५१ प्रश्नांची प्रश्नावली आली होती. जगभर आणि चीनमध्येही सर्वांत जास्त वापरल्या गेलेल्या साधनांत या दोन्ही मोडतात.

दुसरा संप्रदाय रोग्यांकडे न पाहता बाजाराकडे पाहणारा. ब्रिटनमध्ये अँड्र्यू स्टेप्टो आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये सामान्य माणूस पदार्थ निवडताना कशाला महत्त्व देतो हे मोजायला ३६ प्रश्न रचले आणि त्यांतून नऊ हेतू काढले: आरोग्य, मनःस्थिती, सोय, चव-वास, नैसर्गिकता, किंमत, वजन, ओळखीचेपणा आणि नैतिक विचार. जर्मनीत कॉन्स्टान्झ विद्यापीठातल्या ब्रिटा रेनर यांच्या गटाने २०१२ मध्ये ही यादी बरीच वाढवली. ७८ प्रश्न आणि पंधरा हेतू. त्यांत पहिल्यांदाच परंपरा, मंडळींसोबत खाण्याचा आनंद, सामाजिक संकेत आणि चारचौघांत आपली प्रतिमा या गोष्टींना स्वतंत्र जागा मिळाली. याच साधनाची २०१८ मध्ये अमेरिका, भारत आणि जर्मनी अशी तुलना प्रसिद्ध झाली, म्हणजे या चर्चेत आपणही आलेलो आहोत. ही वाढलेली यादी चिनी जेवणाच्या बरीच जवळ येते, हे मान्य केले पाहिजे. तरीही तिच्यात समाज हा खाणाऱ्यावर बाहेरून पडणारा एक प्रभाव म्हणून येतो. निवडणारा शेवटी एकटाच.

तिसरी शाखा दवाखान्यातली. तिथे जे घडले ते या सगळ्या विषयाचे डोळे उघडणारे आहे, म्हणून त्यावर थोडे थांबू. पाश्चात्त्य निदानपद्धतीत मुलगी जेवण सोडते याचे कारण ठरलेले होते: तिला लठ्ठ होण्याची भीती वाटते. ही भीती नसेल तर तो आजारच नव्हे, असे निकष सांगत. हाँगकाँगमधले मानसोपचारतज्ज्ञ सिंग ली आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये ७० चिनी रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ४१ जणांत लठ्ठपणाची भीती आढळलीच नाही. शरीर तितकेच खंगलेले, जेवण तितकेच तुटलेले. कारण विचारले तर कोणी म्हणे पोट फुगल्यासारखे होते, कोणी म्हणे भूकच लागत नाही. सोपा मार्ग असा होता, की या रुग्णांनी खरे कारण लपवले किंवा त्यांना स्वतःचे मन कळले नाही, असे ठरवून मोकळे व्हायचे. ली यांनी तो घेतला नाही. भीती हे आजाराचे सार आहे की एका संस्कृतीने त्या आजाराला दिलेले स्पष्टीकरण, असा उलट प्रश्न त्यांनी केला. २०१३ च्या अमेरिकी निदानपुस्तिकेत लठ्ठपणाच्या बोलून दाखवलेल्या भीतीला पर्याय म्हणून वजन वाढू न देणारे सातत्याचे वागणेही ग्राह्य धरले गेले. या बदलामागे आशियातून आलेल्या अशा निरीक्षणांचे वजन होते. पण गोष्ट इथे संपत नाही. हाँगकाँगमध्येच १९८७ ते २००७ या काळातल्या रुग्णांची पुढे तुलना झाली, तेव्हा लठ्ठपणाच्या भीतीने जेवण सोडणाऱ्यांचे प्रमाण वाढलेले दिसले. कारणे बदलली, की कारणे सांगण्याची शब्दकळा बदलली? प्रश्नावली हाती घेणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न उशाशी ठेवून झोपावे.

आता या साधनांतले काही प्रश्न चिनी टेबलावर ठेवून पाहू. गार्नर आणि गारफिंकल यांनी १९७९ मध्ये रचलेल्या आणि १९८२ मध्ये २६ प्रश्नांपर्यंत आटोपशीर केलेल्या प्रसिद्ध चाचणीत अन्नाचे बारीक तुकडे करून खाणे हे बिघाडाचे एक चिन्ह मानले आहे. काटा-सुरीने जेवणाऱ्या समाजात ते ठीक. चिनी स्वयंपाकात तुकडे आधीच, सुरीने, आत होतात. चॉपस्टिकने खायचे तर पदार्थ घासाएवढाच असावा लागतो, आणि टेबलावर सुरी नसतेच. त्याच चाचणीत आणखी दोन प्रश्न आहेत. आपण अधिक खावे असे इतरांना वाटते का? इतर लोक खाण्यासाठी दबाव आणतात का? आजी नातवाच्या वाटीत एकेक पदार्थ टाकत असते, यजमान पाहुण्याच्या पुढ्यात स्वतःच्या हाताने माशाचा चांगला भाग ठेवतो, तिथे या प्रश्नांना होकार दिला तर त्यातून आजार कळत नाही. घर चांगले चालले आहे एवढेच कळते. वजनासाठी मुद्दाम कमी वाढून घेता का, हा संयम मोजणारा प्रश्न घ्या. चीनमध्ये प्रत्येकाची स्वतःची अशी फक्त भाताची वाटी असते. भाज्या, मांस, मासे मध्यभागी सर्वांचे. चिनी अन्नसंस्कृतीचे अभ्यासक क्वांग-ची चांग यांनी भात आणि सोबतचे पदार्थ हा भेद या जेवणाचा कणा मानला आहे. वाढून घेण्याची कल्पनाच जिथे निम्म्या जेवणाला लागू पडत नाही, तिथे त्या प्रश्नाचे उत्तर देणारा माणूस नेमके कशाबद्दल बोलत असतो? इतरांना खाताना पाहून खावेसे वाटते का, हाही तसाच प्रश्न. एकत्र जेवणाऱ्या टेबलावर सर्वांबरोबर खाणे हा शिष्टाचार आहे, मोहाला बळी पडणे नव्हे.

हे झाले असलेल्या प्रश्नांबद्दल. नसलेल्या प्रश्नांची यादी मला जास्त महत्त्वाची वाटते. १९५९ ते १९६१ च्या दुष्काळात कोट्यवधी माणसे दगावली. आज सत्तरीत असलेला चिनी माणूस तेव्हा लहान मूल होता. धान्याची कुपने १९५५ मध्ये आली ती १९९३ पर्यंत चालली, म्हणजे चाळिशीतल्या माणसालाही ती आठवतात. अन्न टाकू नये ही या पिढ्यांची केवळ सवय नाही, खाण्याचे सबळ कारण आहे: उरले आहे म्हणून खाणे. उलट मेजवानीत ताटे रिकामी झाली तर यजमानाची शोभा जाते, म्हणून मुद्दाम उरेल इतके मागवायचे. एकाच माणसात हे दोन हेतू शेजारी नांदतात आणि प्रसंगानुसार पुढे येतात. २०१३ मध्ये ताट स्वच्छ करण्याची मोहीम निघाली, २०२१ मध्ये अन्नाची नासाडी रोखणारा कायदा झाला, तो या दुसऱ्या हेतूला वेसण घालायला. मग पथ्याची गोष्ट. लीची उष्ण, कलिंगड थंड, खेकडा थंड म्हणून त्यासोबत आले, बाळंतिणीला महिनाभर थंडावा वर्ज्य. मराठी वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही. पण स्टेप्टो यांच्या प्रश्नावलीत आरोग्य म्हणजे जीवनसत्त्वे, प्रथिने आणि चोथा. ऋतू, प्रकृती आणि पदार्थाचा गुण यांचा मेळ घालून खाणारी व्यक्ती तिथे आरोग्याच्या रकान्यात कमी गुण मिळवू शकते, आणि संशोधक लिहितो, आरोग्याबद्दल उदासीन. शेवटी भीतीचीही गोष्ट. २००८ मध्ये दुधात मेलामाइन मिसळल्याचे उघड झाले. सहा बालके दगावली, सुमारे तीन लाख आजारी पडली. त्यानंतर चिनी आईबापांसाठी डब्यावरच्या नावावर विश्वास ठेवता येतो का, हा प्रश्न चव आणि किंमत यांच्या आधी येतो. नऊ हेतूंच्या यादीत सुरक्षितता नावाचा हेतू नाही. १९९५ च्या लंडनमध्ये त्याची गरज भासली नसेल.

या विवेचनावर तीन आक्षेप येतील, आणि तिन्ही गांभीर्याने घेण्यासारखे आहेत. पहिला असा, की भूक सर्वत्र सारखीच. प्रत्येक देशाने स्वतःची पट्टी काढली तर तुलना कशाची करायची? शिवाय भाषांतरित साधने चीनमध्ये संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली आहेत. डच प्रश्नावलीची चिनी किशोरांवर झालेली पडताळणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. हे सगळे खरे आहे. पण विश्वसनीयता आणि सप्रमाणता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रश्न एकमेकांशी सुसंगत उत्तरे मिळवून देतात, यावरून ते योग्य गोष्ट मोजतात असे ठरत नाही. आणि आयात केलेल्या साधनाच्या पडताळणीत त्यात असलेले घटकच तपासले जातात. नसलेला घटक कितीही मोठा असला तरी गणितात उगवत नाही. याचा धडा व्यक्तिमत्त्वाच्या मापनात मिळून चुकला आहे. हाँगकाँगमध्ये फॅनी चुंग यांनी १९९० च्या दशकात चिनी व्यक्तिमत्त्वासाठी स्वतंत्र चाचणी घडवली. तेव्हा सलोखा, मुलाहिजा, देवाणघेवाण यांभोवती गोळा होणारा नातेसंबंधांचा एक घटक सापडला, जो पाश्चात्त्य पंचघटक प्रतिमानात बसत नव्हता. ती चाचणी पुढे चीनबाहेरही वापरली गेली. म्हणजे स्थानिक प्रश्नांनी तुलनेचे दार बंद झाले नाही, तुलनेला एक नवी बाजू मिळाली.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. माणसे स्वतःच्या खाण्याची कारणे सांगतात त्यावर विश्वास का ठेवायचा? एरिक स्टाइस आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवले, की संयमाच्या चाचण्यांत भरपूर गुण मिळवणारे लोक नकळत पाहिले असता इतरांपेक्षा कमी खात नव्हते. काही वर्षांनी कॅथरीन एव्हर्स यांच्या गटाला आढळले, की स्वतःला भावनेपोटी खाणारे म्हणवणारे, प्रयोगात भावना जागवल्यावरही जास्त खात नाहीत. त्यात चिनी, तैवानी, जपानी विद्यार्थी अमेरिकी विद्यार्थ्यांपेक्षा मोजपट्टीच्या मधल्या आकड्याकडे अधिक झुकतात, हे १९९५ पासून नोंदले गेले आहे. त्यामुळे दोन देशांच्या सरासरींतला फरक कधी मनाचा असतो, कधी फक्त पेन्सिलीचा. मग प्रश्नावल्या गुंडाळून घरपोच जेवण पुरवणाऱ्या कंपन्यांची आकडेवारीच का पाहू नये? कारण ती आकडेवारी काय मागवले ते सांगते. रात्री अकराला आलेल्या नूडल्समागे कंटाळा होता, भूक होती की उशिरापर्यंत काम करणाऱ्या चार सहकाऱ्यांनी मिळून केलेली मागणी, हे तिला ठाऊक नसते. कारणांची उत्तरे वागण्याचा अंदाज देण्यात कमी पडतात. पण वागणे बदलायचे असेल तर कारणांवाचून चालत नाही, आणि धोरणकर्त्यांना वागणेच बदलायचे आहे.

तिसरा आक्षेप असा, की ‘चिनी लोक’ नावाचे एकसंध काही आहे तरी कुठे? उत्तरेत गहू, दक्षिणेत तांदूळ, सिचुआनात तिखट, क्वांगतुंगमध्ये वाफवलेले. त्यात हुई मुस्लिम, तैवान, सिंगापूर, मलेशिया. हा आक्षेप मी सरळ मान्य करतो. या क्षेत्रातले पुष्कळ अभ्यास विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर झाले आहेत, आणि वसतिगृहाच्या खानावळीत जेवणारी वीस वर्षांची मुलगी हेनान प्रांतातल्या खेड्यातल्या आजीबद्दल फारसे काही सांगू शकत नाही. पिढीचा फरक तर प्रांताच्या फरकापेक्षाही मोठा असावा असे मला वाटते. बीजिंगमध्ये पहिले केएफसी १९८७ मध्ये उघडले. त्यानंतर जन्मलेल्यांना टंचाई ऐकून माहीत आहे.

हे सगळे आता निकडीचे का झाले, याचे उत्तर एका सरकारी अहवालात आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पोषण व दीर्घकालीन आजारांच्या अहवालानुसार निम्म्याहून अधिक प्रौढ चिनी माणसे जादा वजनाची किंवा लठ्ठ आहेत, तीही चीनच्या स्वतःच्या कडक निकषांनी: शरीरभार निर्देशांक २४ ला जादा वजन, २८ ला लठ्ठपणा. २०२४ मध्ये वजन व्यवस्थापनाची तीन वर्षांची देशव्यापी मोहीम सुरू झाली. अशा मोहिमा प्रत्येक व्यक्तीला उद्देशून बोलतात: कमी खा, मीठ-तेल आवरा. पण तेल किती पडायचे ते कढईपाशी उभी असलेली व्यक्ती ठरवते. बीजिंगमधल्या तीन पिढ्यांच्या कुटुंबांवरचा २००७ मधला अभ्यास सांगतो, की मुलाच्या खाण्यावर तिथे आजी-आजोबांचा मोठा प्रभाव आहे, आणि दोन वेळा उपाशी राहिलेल्या पिढीला गुबगुबीत नातू हा कष्टाचे फळ वाटतो. पोषण पाहणी करणाऱ्यांना हे व्यवहारात केव्हाच उमगले होते. तेल माणशी मोजता येत नाही, घराचे एकत्र तोलून मग वाटणी करावी लागते, म्हणून तर त्यांनी काटा स्वयंपाकघरात नेला. मानसशास्त्राची प्रश्नावली अजून एकेकाच्या हातात स्वतंत्र दिली जाते. घरातला राखणदार कोण आणि तो का वाढतो, हे विचारणारे भाग तिच्यात यायला हवेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे पुस्तक नवी प्रश्नावली देत नाही आणि आहाराचा सल्ला तर मुळीच देत नाही. कोणत्या साधनाने चिनी लोकांबद्दल काय कळले, त्यातले किती टिकाऊ आणि किती साधनाच्या घडणीतून आलेले, हे वाचकाला स्वतः पारखता यावे एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा आहे. घटक विश्लेषणाचे गणित अपरिहार्य तिथेच घेतले आहे. ज्याला नको असेल त्याने ते ओलांडून पुढे जावे, धागा तुटणार नाही. चीनविषयी लिहिताना महाराष्ट्राची उदाहरणे मुद्दाम टाळली आहेत, कारण साम्ये पटकन दिसतात आणि फसवतात. पंगतीतला आग्रह आणि चिनी यजमानाचा आग्रह यांचे नियम वेगळे आहेत. तरी एक विनंती मराठीतल्या संशोधक विद्यार्थ्यांना करावीशी वाटते. यातली एखादी प्रश्नावली मराठीत आणण्याचा मोह अनेकांना होईल. तसे करण्यापूर्वी, खाण्यावर नियंत्रण ठेवता का या प्रश्नाला एकादशी, चतुर्थी आणि सोमवार धरणारी बाई काय उत्तर देईल, आणि त्या उत्तराला तुम्ही कोणत्या रकान्यात टाकाल, हे आधी चार घरांत जाऊन विचारून या.